गुणोत्तरांची बाराखडी

मराठीचा प्राध्यापक आणि कंपनीचा ताळेबंद यांची पत्रिका जुळत नाही, असा एक समज आहे. आणि तो दृढ करण्यात आम्हां प्राध्यापकांचाच वाटा मोठा आहे. 'अर्थ' म्हटला की आम्हांला शब्दाचा अर्थ आठवतो. दुसरा अर्थ पहिल्या तारखेला येतो आणि विसाव्या तारखेच्या आत आपली वाट धरतो. त्यामुळे पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर मी वही-पेन्सिल घेऊन गुणोत्तरे काढायला बसलो, तेव्हा घरच्यांना कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली. "तब्येत बरी आहे ना?" असे सौ.ने विचारलेसुद्धा.

निमित्त झाले आमच्या आत्याचे. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवून तिने ६ लाख रुपये गाठीशी बांधले आहेत. शेजारच्या एका उत्साही गृहस्थांनी ते सगळे एका कंपनीच्या शेअरांत घालण्याचा सल्ला तिला दिला. "नफा दरवर्षी वाढतो आहे," एवढेच त्यांचे म्हणणे. आत्याने कंपनीचा वार्षिक अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "एवढा एम. ए. झालास ना? मग वाचून सांग." एम. ए. आणि ताळेबंद यांचा संबंध नाही, हे तिला पटवणे अशक्य होते. आणि त्या रकमेमागे तिच्या किती दिवाळ्या नव्या लुगड्यावाचून गेल्या हे ठाऊक असल्यामुळे हात झटकणे त्याहून अशक्य होते.

मी वाणिज्य शाखेच्या एका सहकाऱ्यांकडे शिकवणी धरली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "कंपनीला २४ कोटी नफा झाला. चांगला की वाईट?" मी म्हणालो, "चांगलाच की!" ते हसले. "कशाच्या मानाने?"

वाचकहो, या दोन शब्दांत सारे शास्त्र आहे, आणि ते मला परके वाटले नाही. 'कर' हा शब्द एकटा घ्या. तो हात की सरकारचा कर, की सौ.ची आज्ञा, हे वाक्यात बसवल्यावाचून कळत नाही. आकड्याचेही तसेच. एकटा आकडा मुका असतो. त्याला दुसऱ्या आकड्याशेजारी बसवले की तो बोलू लागतो. गुणोत्तर म्हणजे आकड्यांचे वाक्य.

मग मी वाक्ये जुळवू लागलो. भागधारकांचे भांडवल १६० कोटी, नफा २४ कोटी; म्हणजे शंभराला १५. शेजारच्या गृहस्थांची छाती फुगावी असाच हा आकडा! पण सहकाऱ्यांनी त्याचा विग्रह करायला लावला, अगदी समासाचा करतात तसा. विक्री ३०० कोटी, म्हणजे विक्रीवर नफा शेकडा ८. एकूण मालमत्ता ४०० कोटी. त्यावर विक्री पाऊणपट. आणि मालमत्ता स्वतःच्या भांडवलाच्या अडीचपट. ८ गुणिले ०.७५ गुणिले २.५, बरोबर १५. म्हणजे त्या पंधरांत धंद्याची चलाखी थोडी आणि दुसऱ्याच्या पैशाचे बळ अधिक. कर्ज होते २०८ कोटी, स्वतःच्या भांडवलाच्या १.३ पट. व्याज २० कोटी आणि व्याज-कर देण्यापूर्वीची कमाई ५२ कोटी. म्हणजे व्याज भरण्याची ऐपत २.६ पट. वाईट वर्ष आले तर ओढाताण ठरलेली.

पुढे चालू गुणोत्तर. वर्षभरात रोख होऊ शकणारी मालमत्ता १८० कोटी, वर्षभरात भागवायची देणी १५० कोटी, भागाकार १.२. बेंजामिन ग्रॅहॅम नावाच्या अमेरिकन पंडिताने डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ साली या विद्येचा मोठा ग्रंथ लिहिला. सावध गुंतवणूकदारासाठी हे प्रमाण निदान दुप्पट असावे, असे ग्रॅहॅमने पुढे सांगितले. अर्थात एकच माप सर्वांना लागू नसते. रोख विक्रीच्या किराणा दुकानाला जे चालते, ते यंत्रे करणाऱ्या कारखान्याला चालत नाही. म्हणून तुलना करायची ती त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी, किंवा त्याच कंपनीच्या मागल्या वर्षांशी.

हे सारे मी आत्याला सांगत होतो. मला वाटले, तिला डुलकी लागली. तेवढ्यात तिने डोळे उघडून विचारले, "आणि त्यांची उधारी किती दिवसांची रे?"

मी चकित झालो. आमच्या शिकवणीतला तो धडा यायचाच होता! आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, किराण्याचे दुकान चालवीत. "वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट, हे मी लहानपणी पाहिले आहे," ती म्हणाली. आम्ही दोघे हिशेबाला बसलो. येणे बाकीला विक्रीने भागायचे आणि ३६५ ने गुणायचे. दोन वर्षांपूर्वी ५४ कोटी येणे, २४० कोटी विक्री: ८२ दिवस. गेल्या वर्षी ८१ आणि २७०: ११० दिवस. यंदा १२० आणि ३००: १४६ दिवस. विक्री वाढत होती ती माल उधारीवर देऊन. रोकड प्रवाहाच्या पत्रकात तर धंद्यातून आलेली रोकड शून्याच्याही खाली होती. नफा कागदावर होता, पैसा गिऱ्हाइकांकडे आणि व्याज दाराशी. एवढे असूनही दर शेअरमागे ६ रुपये कमाई असलेला हा शेअर १५० रुपयांना, म्हणजे कमाईच्या २५ पटीने, विकला जात होता. ग्रॅहॅमची मर्यादा, तीही तीन वर्षांच्या सरासरी कमाईवर, १५ पटीची.

येथे नव्या विद्येचा अभिमान चढू लागला, तोच सहकाऱ्यांनी तो उतरवला. ७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम' कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदात दाखवलेली हजारो कोटींची रोकड व बँकशिल्लक मुळात नव्हतीच. तोवर ज्यांनी गुणोत्तरे काढली, त्यांचे भागाकार अचूकच असतील. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते, हे मराठीच्या प्राध्यापकाला कोणी शिकवायला नको! म्हणून हिशेब-तपासनिसांचा शेरा आणि मागच्या पानांवरच्या बारीक टाइपातल्या टिपा अगोदर वाचाव्यात. गुणोत्तर उत्तर देत नाही; कोणता प्रश्न विचारायचा ते दाखवते.

आत्याने साडेपाच लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. शेजारच्या गृहस्थांना तिने फराळाला बोलावले, चकल्या वाढल्या आणि उधारीचे ते तीन आकडेही वाढले. चकल्या संपल्या, आकडे त्यांनी पानात टाकले.

उरलेले पन्नास हजार तिने मागे ठेवले आहेत. "दुसऱ्या एखाद्या कंपनीचा अहवाल आण," असा निरोप कालच आला. "आणि या खेपेस भागाकार मी करीन, तू फक्त वाचून दाखव."