मोत्याचे पान

गृहस्थाच्या घरी शिजलेल्या अन्नावर केवळ घरच्या माणसांचाच हक्क नसतो, हे आपणांस वैश्वदेवाने फार पूर्वीच शिकविले आहे. गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढून मग पानावर बसावयाचे, अशी आमच्या वडिलांची रीत होती. परंतु घास काढणे निराळे आणि तो ज्याच्या मुखी जावयाचा त्याचे हित पाहणे निराळे, हा भेद ध्यानी येण्यास मला साठी उलटावी लागली. तो कसा ध्यानी आला, ते सांगतो.

आमचे बिऱ्हाड परभणी जिल्ह्यातील पालम येथे. मी, माझे धाकटे बंधु आणि दोघांचा परिवार मिळून दोन्ही वेळा चौदा पाने उठतात. सन २०२२ च्या आषाढी एकादशीनंतर एका पावसाळी सायंकाळी माझ्या नातवाने एक भिजलेले गावठी कुत्रे दोरीने ओढीत अंगणात आणले. वय वर्ष-दीड वर्षाचे असावे. मी प्रथम नाक मुरडले. तेव्हा बंधु हसून म्हणाले, “दादा, पाणिनीने श्वान, युवा आणि इंद्र ह्या तिघांना एकाच सूत्रात बसविले, आणि तुम्ही ह्याला पडवीतही बसू देत नाही?” आयुष्यभर व्याकरण शिकविलेल्या मास्तरापुढे हा मुद्दा बिनतोड होता. कुत्रे राहिले. त्याचे नाव मोत्या ठेवण्यात आले.

चातुर्मासात आमच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य. त्यामुळे मोत्यास वरणभात, भाकरी आणि थोडे ताक एवढेच मिळे. चार महिन्यांत त्याच्या बरगड्या झाकल्या, अंगावर तकाकी आली. कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचे लग्न लागले, आणि घरात पुन्हा कांद्याचा झुणका, भरली वांगी, कांद्याची आमटी असे पदार्थ होऊ लागले. कोरडी भाकरी त्याच्यापुढे टाकणे माझ्या जिवावर येई. नरसीच्या नामदेवांची भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन ते धावले, ही कथा मी वर्गात कितीदा तरी सांगितली होती. तेव्हा मीही माझ्या ताटातील झुणका भाकरीत कुस्करून, वर तूप सोडून, दोन्ही वेळा त्यास स्वहस्ते घालू लागलो. ह्यात मला पुण्य वाटत होते, आणि थोडा अभिमानही, हे कबूल केले पाहिजे.

मार्गशीर्षात मोत्याने अन्न सोडले. तो कोपऱ्यात पडून धापा टाकी. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होत होती. नातू रडू लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे बंधूंनी व मी गाडी करून त्यास गंगाखेडावरून परभणीस नेले.

तेथील डॉक्टर वयाने आमच्या सुनेएवढ्या होत्या. त्यांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि विचारले, “गुरुजी, ह्याला खायला काय घालता?” मी मोठ्या तोऱ्याने उत्तर दिले, “जे आम्ही खातो तेच. वेगळे काही नाही.” “त्यात कांदा असतो का?” असतो, म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या. मग सांगू लागल्या की, कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींस बाधतात. पेशींतील हिमोग्लोबिनच्या गाठी बनतात, पेशी फुटू लागतात आणि जनावर पांढरे पडते. कांदा शिजविल्याने हा दोष जात नाही, आणि रोज थोडाथोडा पोटात गेला तरी तो साचत जातो. शेवटी त्या म्हणाल्या, “चातुर्मासात तुम्ही कांदा सोडलात तो स्वतःच्या पुण्यासाठी, पण त्याने ह्याचे प्राण राखले जात होते.” मजजवळ उत्तर नव्हते. ज्या हाताने मी घास भरविला होता तोच हात त्या वेळी मोत्याच्या मस्तकावर होता.

मोत्या वाचला. त्यास हिंडू-फिरू लागण्यास दोन-तीन आठवडे लागले. डॉक्टरांनी मजकडून एक यादी लिहून घेतली, ती वाचकांच्या उपयोगी पडेल. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल नावाची बिनसाखरेची गोडी कुत्र्यास कधीही देऊ नये. द्राक्षे-मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही त्याच्यासाठी नव्हे. शिजविलेली हाडे मोडून त्यांच्या कपच्या आतड्यांत रुततात. फार तूप-तेलाने स्वादुपिंडास सूज येते. नामदेवांच्या वाटीतील भक्तीचे अनुकरण अवश्य करावे, तुपाचे मात्र बेताने.

मग आहाराचा प्रश्न निघाला. डॉक्टर म्हणाल्या, “अशक्तपणा भरून यायला रोज दोन उकडलेली अंडी द्या. तुमच्या घरात चालत नसेल, तर डाळ-दह्यावरही कुत्रा राहू शकतो. परंतु तो हिशेब फार काटेकोर ठेवावा लागेल.” घरी आल्यावर ह्यावरून दोन दिवस कुजबुज चालली. आमच्या वास्तूत आजवर अंडे आले नव्हते. कुणी म्हणे, शेजाऱ्यांकडे देऊन टाकू; कुणी म्हणे, सोयाबीन घालू. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत, आणि मी काहीच बोलत नसे. अखेर आमच्या घरातूनच निर्णय झाला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, गोठ्यातल्या कंधारी गाईला आपण कधी पुरणपोळीवर ठेवले का? तिचा कडबा तिला. तसे ह्याचे ह्याला. आपले सोवळे आपल्यासाठी. ते मुक्या जिवाच्या पोटावर कशाला लादायचे?” दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्याच्या बाजूला निराळी चूल मांडली, निराळे पातेले ठेविले, आणि अंडी उकडण्याचे काम नातवाकडे दिले. ज्या घरात मी आयुष्यभर शास्त्र सांगितले, तेथे धर्म मात्र त्यांनी सांगितला.

मोत्याचे वजन १२ किलो आहे. त्यास दिवसास सुमारे ७०० कॅलरी लागतात. त्याचे दिवसाचे पान असे: १०० ग्रॅम ज्वारीच्या कण्या किंवा तांदूळ, ६० ग्रॅम मुगाची डाळ, दोन्ही मऊ शिजवून, दोन उकडलेली अंडी, मूठभर लाल भोपळा किंवा गाजर, एक चमचा तेल, आणि अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड अर्धा चमचा. तिखट, मसाला, फोडणी काही नाही. ही पूड वगळू नये. धान्य-डाळींत चुना अल्प असतो, आणि तो न मिळाल्यास शरीर तो हाडांतून काढून घेते. ह्याखेरीज डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वे व क्षारांची भुकटी असते. दोन वेळांत हे अन्न वाटून द्यावे, आणि मुलांनी लाडाने घातलेले तुकडे एकंदर अन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक होऊ देऊ नयेत.

ही भुकटी कशाला, असे मीही विचारले होते. परंतु अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी सन २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील शेकडा ९५ कृतींत एक ना एक पोषकद्रव्य कमी आढळले. म्हणून वरील प्रमाण हे मोत्याचे समजावे. पिल्लू, गाभण कुत्री किंवा आजारी जनावर ह्यांच्यासाठी आपापल्या डॉक्टरांस विचारावे.

मांजराची गोष्ट ह्याहूनही निराळी. कुत्रा माणसाच्या सहवासात पिष्टान्न पचविण्यास शिकला. मांजर शिकले नाही. टॉरिन नामक द्रव्य त्यास मांसातूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास डोळे व हृदय दोन्ही बिघडतात. वहिनींची मनी वर्षानुवर्षे दूधभातावर ठणठणीत आहे, अशी त्यांची समजूत होती. मनी आपली सोय धान्याच्या कोठीत उंदरांवर करून घेते, हे मी त्यांस अलीकडेच सांगितले.

पुढील वर्षीच्या कांदेनवमीस आमच्या घरी नेहमीप्रमाणे भजी, थालीपीठ, झुणका असा कांद्याचाच सगळा बेत होता. मोत्या उंबऱ्याबाहेर बसून वासाने शेपटी हलवीत होता. सवयीने माझा हात ताटातील भज्याकडे गेला. तोच नातू ओरडला, “आबा, नाही!” मी हात आवरला, उठून गोठ्याकडे गेलो, आणि त्याचे पान आणून त्याच्यापुढे ठेविले. मोत्याने एकवार माझ्याकडे, एकवार भज्यांकडे पाहिले, आणि मुकाट्याने आपले जेवण जेवू लागला. मग मीही माझ्या पानावर येऊन बसलो.