टिंब वर की खाली?

१/ स्वरलिपीच्या जुन्या पुस्तकाची प्रत करताना स्वरांची अक्षरे सहसा वाचता येतात. अडते ते त्यांच्याभोवतीच्या खुणांपाशी. षड्जावर एक टिंब आहे. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत तो तार षड्ज, पंडित पलुस्करांच्या पद्धतीत मंद्र. चुकीचे वाचन म्हणजे थेट दोन सप्तकांचा फरक.

२/ विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१). नावे सारखी, कार्य एकच, खुणा मात्र वेगळ्या! उभी रेघ पलुस्करांकडे तार सप्तक दाखवते. भातखंड्यांकडे ती मध्यमावर आली की तीव्र मध्यम. बागेश्रीतला तार मध्यम भातखंडे पद्धतीच्या सवयीने वाचला, तर रागात मुळीच नसलेला स्वर शिरतो. निदान तिथे राग स्वतःच हरकत घेतो. केदारात दोन्ही मध्यम चालतात, तेव्हा शेजारचे स्वर कोणत्या सप्तकात आहेत हेच पाहावे लागते.

३/ खुणांचा खुलासा पुस्तकाच्या आरंभी असतो, आणि नेमकी तीच पाने आधी फाटतात. मग समेकडे पाहावे : भातखंड्यांची फुली, पलुस्करांचा १. कोमल स्वराखाली आडवी रेघ आहे की हलन्ताची खूण, हेही साक्ष देते.

४/ सर्वांत अवघड आहे भातखंडे पद्धतीतला चंद्राकार कंस. स्वरांखाली असेल तर ते स्वर एका मात्रेत. वर असेल तर मींड. खालचा कंस पुसट झाला तरी त्रितालाच्या १६ मात्रा मोजून तो परत मिळवता येतो. वरच्याला असा हिशेब नाही. मींड धैवतावर थांबली की पंचमापर्यंत उतरली, मात्रा तेवढ्याच. हे ठाऊक असते ते चीज गळ्यात असलेल्यालाच.

५/ पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले. वरोऱ्याच्या आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदातही दृष्टिहीन कलावंत आहेत. छापील कंस दिसत नसला तरी मींड कुठे थांबते ते कानाला कळते.

६/ म्हणून शंका असेल तिथे प्रत करणाऱ्याने कंस पूर्ण करू नये. जेवढा दिसतो तेवढाच काढावा आणि समासात लिहावे : ‘शेवट अस्पष्ट’. सुबक पण अंदाजाने काढलेला कंस पुढच्या प्रतीत मूळचाच ठरतो, आणि तो खोडायला मग कोणाचाच हात धजत नाही.