दावं

पोळ्याला बैलाच्या गळ्यात नवं दावं येतं आणि जुनं गोठ्याच्या खुंटीवर जातं. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ही गावं पळसाच्या झेंड्यासाठी गोटमारीला, म्हणजे दगडफेकीला, भिडतात. त्याच सुमारास सौंसरकडच्या एका संत्राबागेत या जुन्या दाव्याचा हातभर तुकडा कापला गेला, दोन्ही टोकांना गाठी बसल्या आणि तो राखणीच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या, शेरूच्या, वाट्याला आला. दावं सुती आहे हे बरं. नायलॉननं हिरड्या सोलल्या असत्या.

आजवर या दाव्याची सगळी किंमत न सुटण्यात होती. बैलानं कितीही हिसडा दिला तरी ते धरून राहिलं. आता त्याच्याकडूनच शेरूला सोडायला शिकायचं आहे, तेही दुधाचे दात पडताना, जबडा शिवशिवत असताना.

हलतं तोवर दावं शेरूचं सावज असतं. ओढाल तितकी त्याला जास्त मजा. ती गुरगुरही खेळातलीच. म्हणून ‘सोड’ एकदाच म्हणायचं, हात मांडीला टेकवायचा आणि दावं निपचित करायचं. शेरू दोन झटके देतो, वर बघतो, पकड बदलायला जबडा उघडतो. तेवढ्यात ‘शाब्बास!’ आणि दावं लगेच पुन्हा जिवंत! इथंच माणसं घाई करतात. सुटलं की उचलून ठेवतात, मग पिल्लू पुढच्या वेळी ते घेऊन संत्र्याच्या ओळींत पसार होतं. जबड्यात बोटं घालणं, थोबाडीत मारणं तर नकोच. त्यानं पकड घट्ट होते आणि हाताची भीती बसते. अगदीच सोडेना, तर नाकाशी भाकरीचा तुकडा धरावा.

जिंकू दिलं तर कुत्रं डोक्यावर बसतं, असं पुष्कळ जण सांगतात. इंग्लंडमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांसोबत अशीच खेचाखेच करून पाहिली. २००२ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात जिंकलेल्या कुत्र्यांची दांडगाई वाढलेली दिसली नाही. तेव्हा शेरूला खुशाल जिंकू द्यावं.

मान मात्र वर उचलून हिसकायची नाही. खेळ जमिनीलगत, हलक्या हातानं. आता एका गाठीजवळ पेड उसवू लागलेत. गिळलेला धागा आतड्यात अडकून पिल्लाच्या जिवावर बेततो. असं दावं मायेपोटी ठेवू नये, दुसरं कापावं.