खिडकी नंबर ८०

आमच्या चिरंजीवांनी सोसायटीच्या हिशेबासाठी वेबसाइट उभी करायला घेतली. पुढे अपाची, मागे टॉमकॅट. "बाबा, अपाची म्हणजे तुम्ही," त्यांनी मला समजावलं. "८० नंबरच्या खिडकीवर बसतो. साधी पानं स्वतःच देतो. डोकं लागणारं काम आत ८००९ वर टॉमकॅटसाहेबांकडे पाठवतो."

'डोकं लागणारं' हे मी गिळलं.

रात्री दीड वाजता पडद्यावर उमटलं : ५०३, सेवा उपलब्ध नाही. चिरंजीव अपाचीला शिव्या घालू लागले. बावीस वर्षं काउंटरवर काढलेला माणूस गप्प कसा बसणार? म्हटलं, "अरे, आधी साहेब जागेवर आहेत का बघ!"

नव्हतेच. २०२० मध्ये 'घोस्टकॅट' नावाची फट सापडली, तेव्हापासून टॉमकॅट ते दार मुळातच बंद ठेवून येतो. दार उघडलं, दोघांना एकच परवलीचा शब्द दिला, आणि गाडी सुरू झाली.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय! चूक आतली असते, शिव्या खिडकीला पडतात."

पोरगं क्षणभर माझ्याकडे बघत राहिलं. मग उठून मुकाट्याने चहा करून घेऊन आलं. बावीस वर्षांत खिडकीला कोणी चहा दिल्याचं मला आठवत नाही.