पागेतली चंदी

५ फेब्रुवारी २४९ ची रात्र. चीनमधल्या लोयांग शहराच्या दक्षिणेला, यी नदीच्या पलीकडे, एक माणूस जागा होता. वेई राज्याचा बाल सम्राट त्याच्या ताब्यात होता. भोवती तोडलेल्या झाडांचा अडसर घालून काही हजार सैनिक बसवलेले होते. राजधानीचे दरवाजे मात्र त्याला बंद झाले होते. लढायचं की शरण जायचं, हे त्याला पहाटेपर्यंत ठरवायचं होतं.

त्या माणसाचं नाव त्साव श्वांग. ही हकिगत मी तिशीत पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता साठीत ती पुन्हा वाचतो, तेव्हा रागाच्या जागी अस्वस्थता येते.

हान साम्राज्य मोडकळीला आलं, तेव्हा सरदारांच्या झुंजीतून त्साव त्साव वर आला. त्याच्या मुलाने २२० मध्ये वेई राजवंश स्थापन केला. त्साव त्सावने आपल्या घरात वाढवलेला एक मुलगा पुढे मोठा सेनापती झाला, तो त्साव झेन. त्याचा थोरला मुलगा हा श्वांग. बापाने रणांगणावर नाव मिळवलं. मुलाला राजवाडा मिळाला, आणि सम्राट त्साव रुईची लहानपणापासूनची मैत्री मिळाली.

जानेवारी २३९ मध्ये रुई मरणपंथाला लागला. गादीचा वारस सात-आठ वर्षांचा. कारभारी कोण, यावर पलंगाशी दोनदा मतं फिरली आणि शेवटी श्वांगचं नाव निघालं. तुला जमेल का, असं सम्राटाने विचारलं, तेव्हा त्याला घाम फुटला, तोंडातून शब्द येईना. शेजारच्या मंत्र्याने त्याचा पाय दाबला आणि काय बोलायचं ते कानात सांगितलं. प्राण देऊन राज्याची सेवा करीन, अशी शपथ त्याने घेतली. पण ते शब्द उसने होते.

दुसरा कारभारी होता सिमा यी. साठीचा, नुकताच ल्याओतुंगचं बंड मोडून परतलेला. सुरुवातीला श्वांग त्याला बापासारखा मान देई. मग सोबत्यांनी कान भरले. सिमा यीला सम्राटाचा महागुरू केलं गेलं. किताब मोठा झाला, अधिकार काढून घेतला गेला. राजधानीच्या शिबंदीवर श्वांगचे भाऊ आले, महत्त्वाच्या जागांवर मित्र आले. नाव कमवावं म्हणून २४४ मध्ये त्याने शू राज्यावर स्वारी केली. डोंगरातल्या वाटांवर ती अडकली, ओझ्याची जनावरं वाटेत मेली, आणि हात हलवत परत यावं लागलं.

त्याच्या चैनीच्या कथा इतिहासात भरपूर आहेत: तळघरातल्या मेजवान्या, सम्राटाला शोभावीत अशी वस्त्रं, आणि हे बघून रडणारा धाकटा भाऊ त्साव शी. त्या मी जपून वाचतो. हा इतिहास लिहिणारा चेन शोव पुढे जिन राजवटीत नोकरीला होता, आणि जिन राजवट सिमा यीच्या नातवाची. हरलेल्याचं चरित्र जिंकणाऱ्याच्या घरात लिहिलं गेलं. श्वांगच्या ज्या मित्रांना तिथे उथळ ठरवलंय, त्यांत हे यान नावाचा एक जण होता. कन्फ्यूशियसच्या संवादांवरचं त्याच्या नावाचं भाष्य पुढे शतकानुशतकं अभ्यासलं गेलं. तेव्हा ती मंडळी निव्वळ खुशमस्करी नव्हती. राज्य नव्याने बांधावं असं त्यांतल्या काहींना मनापासून वाटत असणार.

२४७ पासून सिमा यीने आजारपण पांघरलं. श्वांगचा एक माणूस त्याला भेटायला गेला, तेव्हा दासी पेज भरवत होती आणि ती म्हाताऱ्याच्या छातीवर सांडत होती. पाहुणा एका प्रांताचं नाव सांगे, म्हातारा भलतंच ऐके. पाहुण्याने परत जाऊन सांगितलं, आता त्यांचं काही खरं नाही. श्वांग निर्धास्त झाला.

मग २४९ मध्ये, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, सम्राट आपल्या बापाच्या गाओपिंग समाधीला निघाला. श्वांग आणि त्याचे भाऊ बरोबर गेले. सगळे भाऊ एकाच वेळी शहराबाहेर जाऊ नका, असं ह्वान फान नावाच्या मंत्र्याने पूर्वी बजावलं होतं. ते बाहेर पडताच सिमा यी अंथरुणातून उठला. राजमातेच्या नावाने हुकूम काढून त्याने दरवाजे लावले, शस्त्रागार घेतलं, लो नदीवरचा तरता पूल अडवला.

ह्वान फान मात्र निसटला. शहाणा माणूस श्वांगकडे गेला हे कळल्यावर सिमा यी चिंतेत पडला. तेव्हा च्यांग ची नावाचा जुना अधिकारी म्हणाला ते असं, की ह्वान फान शहाणा खरा, पण सामान्य घोड्याचा जीव पागेतल्या चंदीत अडकलेला असतो. श्वांग त्याचं ऐकणार नाही.

आणि तसंच झालं. ह्वान फान रात्रभर विनवत होता. सम्राट तुमच्या हातात आहे, त्याला शुचांगला न्या, तिथून फौजा बोलवा. तिथे शस्त्रं आहेत. धान्याची काळजी करू नका, कोठारांचा शिक्का मी बरोबर आणलाय. इतक्यात शहरातून निरोप आले: फक्त अधिकार सोडा, जिवाला धक्का लागणार नाही. सिमा यीने लो नदीची शपथ घेतली होती. पहाटे श्वांगने तलवार जमिनीवर टाकली. पद गेलं तरी घरचा श्रीमंत म्हणून सुखाने जगेन, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. ह्वान फान ढसाढसा रडला. त्साव झेनसारख्या माणसाच्या पोटी ही वासरं निपजली, आणि यांच्यापायी आज माझं कुळ बुडालं, हा त्याचा आक्रोश होता.

श्वांग घरी आला. वाड्याला पहारा बसला, चारी कोपऱ्यांवर उंच मनोरे उभे राहिले. हातात गलोल घेऊन तो मागच्या बागेत गेला, की मनोऱ्यावरून आरोळी उठे: माजी महासेनापती आग्नेयेला चालले! घरातलं धान्य संपलं, तेव्हा त्याने सिमा यीकडे अन्न मागितलं. तांदूळ आला, सुकं मांस आलं, खारवलेले दाणे आले आणि सोयाबीन आलं. भाऊ खूश झाले. मारायचं असतं तर अन्न कशाला पाठवलं असतं? च्यांग चीने सांगितलेली चंदी खरोखरच दारात आली होती.

९ फेब्रुवारीला बंडाचा आरोप ठेवून श्वांग, त्याचे भाऊ, हे यान, ह्वान फान आणि त्यांचे सोबती मारले गेले, तिन्ही कुळांच्या नातलगांसह. बायका, मुलं, लग्न होऊन परघरी गेलेल्या बहिणीसुद्धा सुटल्या नाहीत. च्यांग चीच्या पत्रानेच श्वांगला जीवदानाचा विश्वास वाटला होता. दिलेला शब्द मोडला हे त्याच्या जिव्हारी लागलं आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे जिन वंशाचा एक सम्राट, सिमा यीचाच वंशज, आपलं राज्य कसं मिळालं हे ऐकून तोंड झाकून घेता झाला, आणि असं असेल तर आपली गादी टिकायची कशी, असं त्याला वाटलं, अशी आख्यायिका आहे.

मला अस्वस्थ करतं ते श्वांगचं पहाटेचं वाक्य. त्याला भित्रेपणा म्हणणं आता मला जमत नाही. रक्तपात टाळून घरी जावं, बागेत फिरावं, ही इच्छा वाईट कशी म्हणू? खोट दुसरीकडे आहे. त्या वाक्यात एकच माणूस आहे: मी. नात्यातून आलेलं पद त्याने वतनासारखं मानलं. वतन आपलं असतं, परत केलं की हिशेब मिटतो. पण त्या पदाखाली शेकडो माणसं उभी होती, आणि चंदीचा हिशेब करताना त्याने त्यांची डोकी मोजली नाहीत.

हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण मी ते केलेलं आहे. एका संस्थेत मी काही वर्षं एक विभाग सांभाळत होतो. वाद झाला, वरच्यांचं वागणं पटेना, आणि मी राजीनामा दिला. माझी पुस्तकं आहेत, घर आहे, पोटापुरतं आहे, असं म्हणून दिला. त्यात मला थोडा अभिमानही वाटला. माझ्या शब्दावर कंत्राटी कामाला लागलेल्या तीन बायका त्या विभागात होत्या. दोन महिन्यांत तिघींचं काम गेलं.

सोडणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणत नाही. पण त्या आधीच्या रात्री मी बराच वेळ जागा होतो, सगळ्या बाजूंनी विचार केला होता, आणि त्या विचारात त्या तिघी एकदाही आल्या नव्हत्या. श्वांगच्या तंबूत निदान एक माणूस रडला. माझ्या दाराशी त्या रात्री कोणी आलं नाही. येणार कसं? त्या तिघींना माझ्या घराचा पत्ताही माहीत नव्हता.