मोड, घडणावळ आणि नाव

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरच्या दिशेने निघाले की वीसेक किलोमीटरवर एका टेकडीवर जुना किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याशी वसलेले गाव म्हणजे सोनगीर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी या गावाचा लौकिक खानदेशात फार जुना आहे. हंडे, घागरी, पराती, समया यांच्या खरेदीचा हिशेब व्यापारी घरांतील मुलांना लहानपणापासून ठाऊक असे. धातूचा भाव वजनावर, त्यावर घडणावळ, आणि जुनी भांडी आणली असतील तर त्यांची मोड वजा. खरेदी पक्की झाली की भांड्यावर नाव घातले जाई. ते नाव मामाचे, आत्याचे किंवा आजोबांचे, म्हणजे देणाऱ्याचे असे. सोबत गावाचे नाव आणि साल. ज्या तांबटाने तो हंडा ठोकून घडवला, मठारून उजळला, त्याचे नाव मात्र त्यावर सहसा पडत नसे. त्यात कोणाला वावगेही वाटत नसे.

हाताच्या कसबाचे मोल वजनापासून वेगळे कसे करावे, आणि कारागिराचे नाव त्याच्या कामाबरोबर बाजारापर्यंत कसे न्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर एका मराठी चित्रकाराच्या भटकंतीतून मिळाले. त्याचे कार्यक्षेत्र सोनगीर नव्हते, खानदेशही नव्हता. परंतु त्याच्या कामातून निघणारा हिशेब सोनगीरच्या भांडी-बाजाराला आणि पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला समजून घेण्यासारखा आहे. या चित्रकाराचे नाव भास्कर कुलकर्णी.

१९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. शेती बुडाली, हाताला काम उरले नाही. अशा वेळी सरकारी मदत बहुधा धान्याच्या किंवा खडी फोडण्याच्या रूपाने पोहोचते. अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा तेव्हा पुपुल जयकर यांच्याकडे होती. मिथिला भागातील स्त्रिया घराच्या भिंतींवर परंपरेने चित्रे काढतात, हे त्यांना माहीत होते. लग्नघरातील ‘कोहबर’ या खोलीच्या भिंतींवर कमळ, बांबू, मासे, पोपट आणि देवदेवता रेखाटण्याची ती रीत. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याने ही चित्रे पाहिली होती आणि १९४९ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला होता. मात्र या चित्रांना बाजार नव्हता. भिंत विकता येत नाही आणि पुढच्या सारवणाबरोबर चित्रही जाते. हीच चित्रे कागदावर उतरली तर विकता येतील आणि स्त्रियांना घरबसल्या मिळकत होईल, असा विचार पुढे आला. त्यासाठी मुंबईहून भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीकडे पाठवण्यात आले.

काम वाटते तेवढे सोपे नव्हते. शहरातून आलेला परका पुरुष, आणि चित्रे काढणाऱ्या स्त्रिया पडद्यात राहणाऱ्या. विवाहविधीचे चित्र कागदावर काढून विकावे, ही कल्पनाच अनेकींना पटेना. सुरुवातीला थोड्याच स्त्रिया पुढे आल्या. कुलकर्णींचे वेगळेपण असे की त्यांनी नमुने वाटले नाहीत. शिकलेला चित्रकार गावात गेला की तो गावकऱ्यांचा हात सुधारू पाहतो. कुलकर्णींनी कागद दिला आणि भिंतीवर जे येते तेच त्यावर येऊ दिले. जितवारपूरच्या जगदंबादेवी, सीतादेवी आणि बौआदेवी यांची चित्रे अशी कागदावर आली. बौआदेवी तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या. आरंभी एका चित्राचे दीड रुपया मिळत असे, अशी त्यांची आठवण आहे. रक्कम लहान होती, पण दुष्काळात ती घरात येत होती आणि घरातील स्त्रीच्या हातात पडत होती.

व्यापाराच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा फरक घडला. पितळेच्या हंड्याची किंमत लावताना धातू हा मुख्य आधार असतो. घडणावळ ही त्यावरची लहानशी भर. हंडा पिचला, गळू लागला तरी त्याची मोड येते आणि वजनाचे पैसे सुटतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला निश्चिंती वाटते. परंतु त्याच कारणाने तांबटाचे कसब कायम वजनाच्या सावलीत राहते. कागदाला मोड नसते. चित्र काढलेला कागद रद्दीत घातला तर त्याचे काहीच येत नाही. म्हणून चित्राची जी किंमत येते ती जवळजवळ सगळी हाताची आणि त्या हाताच्या नावाची असते. पितळेच्या धंद्यात जी बाब खतावणीत शेवटच्या ओळीत जाते, ती येथे पहिल्या ओळीत आली.

मिथिलेनंतर कुलकर्णींची पावले महाराष्ट्रातच, डहाणूच्या वारली पाड्यांकडे वळली. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथे लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. चौकाच्या मधोमध पालघाट देवी असे. येथेही चित्र विधीपुरते होते आणि ते स्त्रियांचे काम होते. गंजाड गावातील जिव्या सोमा म्हसे हा तरुण मात्र विधी नसतानाही चित्रे काढी. लहानपणी आई गेल्यानंतर त्याचे बोलणेच थांबले होते आणि काही काळ तो धुळीत रेघा ओढून मनातले सांगत असे. कुलकर्णींनी त्याच्यातील चित्रकार ओळखला आणि त्याला कागद पुरवला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. ‘वारली चित्रकला’ एवढेच म्हणून न थांबता चित्रकाराचे नाव त्याच्या चित्राबरोबर शहरात आले.

पुढचा प्रवास त्या नावांनी केला. जगदंबादेवींना १९७५ मध्ये आणि सीतादेवींना १९८१ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हसे यांना ती २०११ मध्ये आणि बौआदेवींना २०१७ मध्ये मिळाली. १९८९ साली पॅरिस येथे जगभरातील कलावंतांचे जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात म्हसे आणि बौआदेवी या दोघांचीही चित्रे होती. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे विख्यात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या कामाचे संयुक्त प्रदर्शन झाले. शहरातला चित्रकार एकदा पाड्यावर गेला, त्यानंतर पाड्यावरचा चित्रकार जगाच्या कलादालनांत पोहोचला.

जमेची बाजू अशी भरभक्कम असली तरी नावेची बाजूही मांडली पाहिजे. मागणी वाढली तसे घाऊक खरेदीदार आले. त्यांना डझनावारी एकसारखी चित्रे लवकर हवी होती आणि भावात घासाघीस करायची होती. वारली माणसांच्या आकृत्या यंत्राने कपांवर, चादरींवर आणि कुर्त्यांवर छापल्या जाऊ लागल्या. त्यांतून कोणत्याही पाड्यावर पैसा गेला नाही. वारली स्त्रियांच्या हातातील कला मिळकतीची झाली तेव्हा ती बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेली. भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मधुबनी चित्रांना २००७ मध्ये आणि वारली चित्रांना २०१४ मध्ये मिळाली, म्हणजे बाजार कित्येक वर्षे पुढे निघून गेल्यावर. आणि स्वतः कुलकर्णी? घर, स्थैर्य, संचय यांचा त्यांच्या जीवनाशी फारसा मेळ बसला नाही. १९८३ साली त्यांचे निधन झाले ते मुंबईत नव्हे, तर मिथिलेतील दरभंगा येथे. ज्यांना त्यांनी कागद दिला त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत आली. कुलकर्णींचे नाव आज महाराष्ट्रातही थोड्यांनाच ठाऊक आहे.

हा सारा वृत्तान्त सोनगीरसाठी दूरचा नाही. स्टील आणि ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात आले तेव्हा पितळी भांड्याचा रोजचा उपयोग आटला. उरला तो सणवार, लग्न आणि अलीकडे सजावट. रोजच्या वापराचे भांडे वजनावर विकणे ठीक होते. पण शोभेच्या किंवा भेटीच्या वस्तूत गिऱ्हाईक खरोखर कशाचे पैसे देते? मठारलेल्या पृष्ठभागावर उजेड कसा पडतो, याचे. हे कसब घडणावळीच्या एका आकड्यात दडपले गेले तर तांबटाचा मुलगा हातोडी का धरील? दुकान टिकायचे असेल तर घडवणारा टिकला पाहिजे, एवढा साधा हा व्यवहार आहे.

दुसरी बाजू खुद्द व्यापारी घरांतली आहे. अनेक कुटुंबांत आज कलाशाखेचे शिक्षण घेतलेली मुले-मुली आहेत. ती नोकरी न करता स्वतंत्रपणे काम करतात, कारागिरांबरोबर नवे नमुने करतात, गावोगाव हिंडतात. स्थळे पाहताना ‘पगार किती’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसते. खरे पाहता ज्या घरांत कित्येक पिढ्या कोणी पगार घेतला नाही, त्या घरांना हा प्रश्न पडू नये. दुकानालाही पगार नसतो. त्याला भांडवल, उलाढाल आणि पत असते. स्वतंत्र कलावंताचेही तसेच. त्याचे साहित्य हे भांडवल, मिळालेली कामे ही उलाढाल आणि नाव ही पत. कुलकर्णींच्या जीवनात शेवटच्या दोन बाबी दुसऱ्यांच्या खात्यावर जमा झाल्या. घरचे पाठीशी असतील तर पुढच्या पिढीचे तसे होणार नाही.

कायदाही या बाबतीत मुका नाही. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असूनही देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमात तशी तरतूद आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. लेखी मागणी, थोडी आगाऊ रक्कम, वेळेवर चुकते देणे आणि बिलावर घडणावळीची वेगळी, ठळक ओळ, एवढे केले तरी पुष्कळ झाले. त्याला कोणत्याही योजनेची किंवा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

पुढील लग्नसराईत सोनगीरहून हंडा-घागर येईल तेव्हा त्यावर मामाचे नाव जरूर घालावे. त्याच्याखाली, तळाच्या कडेला, घडवणाऱ्याचेही नाव त्याला विचारून घालावे. चार-सहा अक्षरांची कोरणावळ काही फार येत नाही.