रॅकेट कुणाला देऊ नकोस

लातूर, रविवार

चि. बापूस,


काल वहिनीचा फोन आला. टाके निघाले, जखम कोरडी आहे, सकाळी गोवर्धन घाटावर थोडं चालतोस, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण शेवटी ती हळूच म्हणाली की, तू रॅकेट शेजारच्या मुलाला देऊन टाकायला काढली आहेस. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तू ‘हो हो’ म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले.

तुला वाटतंय की आता काळीज मशीनवर चालतंय आणि जोरात पळालो तर मशीन बंद पडेल. मलाही तसंच वाटायचं. आपले काका ज्वारीत जागलीला जायचे, आठवतं? रात्रभर माळ्यावर बसायचे, पण रात्रभर ओरडायचे नाहीत. खसफस झाली तरच हाळी. पेसमेकर तसाच जागल्या आहे. काळजाचा ठोका वेळेवर पडला की तो गप्प बसतो. ठरलेल्या वेळात पडला नाही तर वायरीतून बारीकसा झटका देतो, आपल्याला कळतही नाही. कुणाला तो क्वचित लागतो, कुणाला जवळजवळ प्रत्येक ठोक्याला. तुला किती लागतो, हे तपासणीत मशीनच सांगतं. ते डॉक्टरांना विचार.

आता हाताचं. यात मी चूक केली, ती तू करू नकोस. सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, असं मला सांगितलं होतं. कारण वायरीचं टोक काळजाच्या आतल्या भिंतीत नीट धरायला वेळ लागतो, तोवर ताण बसला तर ते सरकू शकतं. मी मात्र भीतीनं डावा हात पोटाशीच धरून बसले. खाली सोडायचा, मागेपुढे हलवायचा, तेही केलं नाही. सहा आठवड्यांनी मशीन ठणठणीत आणि खांदा आखडलेला. अंबाडा घालायला हात मागे जाईना. चाळीस वर्षं स्वतः घातलेला अंबाडा शेजारणीकडून घालून घेताना डोळ्यांत पाणी आलं. तो खांदा सुटायला पुढचे दोन महिने गेले. तेव्हा खांद्याच्या खालच्या हालचाली आजपासून करायच्या का आणि कोणत्या, हे विचारून घे आणि रोज कर.

तू डावखुरा, म्हणून तुझं मशीन उजव्या बाजूला बसवलं. याचा अर्थ रॅकेटचा हात मोकळा आहे, बापू! आपल्या बॅडमिंटनचं हे मोठं सुख. गोल्फवाल्यांना अवघड जातं. त्यांचे दोन्ही हात काठीवर, फटक्याबरोबर मशीनकडचा खांदाही पूर्ण फिरतो. गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये वायर पुन्हा पुन्हा चेपली तर वर्षांनी ती झिजू शकते. तरीही डॉक्टरांना विचारून, आधी छोटे फटके मारत, कितीतरी जण मैदानावर परततात.

मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला गेले. रस्त्यात एक ओळखीच्या भेटल्या, ‘बाई, आता कशाला खेळायलाव?’ मी काही बोलले नाही. हॉलमध्ये नववीतली एक पोर होती, तिला म्हटलं, खालून अलगद दे. अकरा शटल नुसत्या मनगटानं परतवली. बारावं उंच आलं. उंच शटलखाली आपण दुसरा हात वर करून नेम धरतो, मीच तुला शिकवलं होतं. माझा डावा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. दुखत नव्हतं. तोल गेला, शटल पायाशी पडलं. एक पीस मोडलेलं ते पांढरं शटल मी बराच वेळ हातात धरून उभी होते. त्या दिवशी हात वर गेला नाही. आठव्या दिवशी गेला.

अजून एक. माझ्या मशीनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. अंग हललं की तो ठोके वाढवतो. कोर्टवर ते छान जमतं, पण सायकलवर धड स्थिर राहतं, त्यामुळे चढाला मला धाप लागायची. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी बाहेरूनच, कापाकापी न करता, सेटिंग बदलून दिलं. तुझ्यात तसा सेन्सर आहे का आणि ठोक्यांची वरची मर्यादा किती ठेवली आहे, विचार. धाप लागली, चक्कर आली, तर अंगावर काढू नकोस.

स्वीडनचे आर्ने लार्सन माहीत आहेत? 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये शरीरात पेसमेकर बसवलेले ते पहिले माणूस. बायकोनं सर्जन आणि इंजिनिअर दोघांच्या मागे लागून तो करवून घेतला. बुटाच्या पॉलिशच्या डबीत ओतून घडवलेलं ते मशीन काही तासांतच बंद पडलं. पुढे आयुष्यभरात त्यांना वीसच्या वर मशीनं लागली, आणि 2001 मध्ये, 86 व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या सर्जन-इंजिनिअर दोघांच्याही नंतर. तुझं-माझं मशीन दहाच्या तीन नाण्यांएवढ्या वजनाचं, बॅटरी साधारण आठ-दहा वर्षांची. मी हे वाचलं त्या रात्री गाढ झोपले.

तुझी सहा आठवड्यांची तपासणी झाली आणि डॉक्टर हो म्हणाले की कळव. मी एसटीनं येते, चाकूर, अहमदपूर, लोहा करत. पहिले आठ दिवस शटल मीच देईन, खालून, अलगद.

तोवर रॅकेट कपाटावर ठेवू नकोस. खालच्या कप्प्यात ठेव. काढायला हात वर न्यावा लागायला नको.

तुझी,
ताई